रॅप म्हणजे नुसती बडबड?

प्रश्न: माझा मुलगा दिवसभर रॅप ऐकतो, मला सगळी बडबडच वाटते. तो म्हणतो यात गरिबांचं दुःख असतं. खरं का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: खरंय हो, पण सुरवातीला तसं नव्हतं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कच्या पार्टीतून हे सुरू झालं असं मानतात, तेव्हा माईकवर बोलायचं ते लोकांना नाचवायला. मग १९८२ ला आलं ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं 'द मेसेज', आणि त्यात काय तर सगळीकडे फुटलेल्या काचा, घरात उंदीर-झुरळं, खिशात पैसे नाहीत म्हणून दुसरीकडे जाताही येत नाही. ग्रुपला आधी हे गाणं नकोच होतं, पार्टीत असलं कोण ऐकणार म्हणून! शेवटी ग्रुपबाहेरचा संगीतकार ड्यूक बूटी आणि ग्रुपमधला मेली मेल या दोघांनीच ते रॅप केलं, बीटही मुद्दाम संथ. त्याआधी १९८० मध्ये ब्रदर डी या रॅपरनं वर्णभेदावर रॅप केलं होतं पण ते फार पोचलं नाही. आपल्याकडे तियात्रात, म्हणजे गोव्यातल्या कोकणी नाटकात, पडद्यापुढे येऊन कांतारातून (गाण्यातून) पुढाऱ्यांना सुनावतात ना, ते तुम्ही आवडीनं ऐकत असाल, मग हेही एकदा मुलाशेजारी बसून ऐका, शब्द त्यालाच समजावून सांगायला लावा.