ऑफिसचे जुने कॉम्प्युटर फॉरमॅट करून भंगारात दिले तर चालेल का?
नाही. क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसली जाते. ग्राहकांचे पॅन, बँक खाती, टॅलीचा डेटा डिस्कवर तसाच राहतो आणि फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत निघतो. हार्ड डिस्क असेल तर ती पूर्ण ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या डेटावर सगळीकडे नवा डेटा लिहा. एसएसडीला (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कला) हा उपाय पुरत नाही, कारण तिचा कंट्रोलर, म्हणजे डेटा कुठे लिहायचा ते ठरवणारी चिप, नवा डेटा भलत्याच सेलमध्ये लिहितो. तिथे उत्पादक कंपनीच्या टूलमधली सिक्युअर इरेज कमांडच वापरा. डिस्क बंद पडली असेल तर आतली प्लॅटर (डेटा साठवणारी चकती) किंवा चिप फोडाच.

पण घाई नको: जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यांचा बॅकअप आधी घ्या. माल नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरलाच द्या आणि सिरियल नंबरसकट प्रमाणपत्र मागा. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही बहुधा डिस्क असते, ती लोक हमखास विसरतात.