पद्मिनीचा रंग आणि निवृत्तीला उरलेले चौदा महिने

प्रश्न : ताई, मी ५७ वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या टूलरूमला काम करतो, पुढच्या वर्षी मार्चअखेर निवृत्त होईन. सहा वर्षांपूर्वी इचलकरंजीजवळच्या एका शेडमधून १९७८ ची प्रीमियर पद्मिनी उचलली आणि सुट्टीच्या दिवशी बसून स्वतः उभी केली. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं झालं, रंग तेवढा राहिलाय. २०२१ मध्ये एका गॅरेजने १ लाख १५ हजार सांगितले होते. आता दुसऱ्याने २ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलं. दोन्हींचे फोटो सोबत आहेत. अजून थांबलो तर चार लाख होतील अशी भीती वाटते. हातात ६२ हजार येतात, घरखर्च ३८ हजार, एसआयपी १० हजार. एफडी ६ लाख, पीएफ ३१ लाख, गाडीसाठी बाजूला ठेवलेले ८५ हजार. पर्सनल लोन घेऊ, एफडी मोडू, की पीएफमधून काढू? कंप्रेसर आणून घरीच रंग मारावा असंही मनात येतं. रंगवलेल्या पद्मिनीला पाच-सहा लाख मिळतात म्हणे, तेव्हा पैसे वसूल होतील ना? मिसेस म्हणतात, आधी गाडी रस्त्यावर चालू दे, मग रंगाचं बघू. (आरसी अजून मूळ मालकांच्या नावावर आहे. ते वारले, पण मुलगा ओळखीचा आहे, त्यामुळे ती काही अडचण नाही. मला मधुमेह आहे, कंपनीचं मेडिक्लेम आहे.)

उत्तर :

दादा, तुम्ही शेवटी कंसात टाकलेली वाक्यं मी सगळ्यात आधी घेते. अडीच लाखांचा हा निर्णय त्यांच्यावरच उभा आहे.

गाडी आज तुमच्या नावावर नाही. सहा वर्षांचे रविवार तुम्ही तिच्यात घातलेत, पण कागदावर ती एका दिवंगत माणसाची आहे. मूळ मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावे बदल, म्हणजे फॉर्म ३१, आणि त्यानंतर त्यांच्याकडून तुमच्याकडे विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० असा रस्ता आहे. एकापेक्षा जास्त वारस असतील तर बाकीच्यांची संमती लागेल. मुलगा ओळखीचा आहे हे चांगलंच, म्हणून तर हे काम आजच करून घ्या. उद्या तो परदेशी गेला किंवा भावंडांत वाटणीचा वाद निघाला, तर तुमच्या अंगणात रंगवलेली, चकचकीत आणि रस्त्यावर नेता न येणारी गाडी उभी राहील. गाडी शेडमध्ये भंगार म्हणून गेली होती का, नोंदणी मधल्या काळात रद्द झाली आहे का, हे परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून तपासा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतात का, तेही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हे सगळं मार्गी लागेपर्यंत गॅरेजला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

नोंदणीच्या नूतनीकरणाचाही खर्च धरा. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालंय, त्यावर पर्यावरण कर आणि थकबाकी असेल तर ती. २०२८ मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतील, तेव्हा ‘व्हिंटेज’ नोंदणी घ्या असं कोणीतरी सुचवेल. २०२१ च्या नियमांनुसार त्या नोंदणीला २० हजार लागतात आणि ती दहा वर्षं चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. रविवारी पन्हाळ्याला जायचं असेल तर तुमच्यासाठी साधी नोंदणीच योग्य.

आता तुमची भीती. एक लाख पंधराचे पाच वर्षांत दोन लाख चाळीस, म्हणजे वर्षाला साधारण १६ टक्के वाढ. एफडीवर एवढं व्याज कुठून मिळणार, मग कर्ज काढून आत्ताच केलेलं बरं, असा तुमचा हिशेब दिसतो. दोन्ही कोटेशनचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. मी ती शेजारी ठेवून वाचली आणि ही दोन वेगवेगळी कामं आहेत हे लगेच दिसलं.

२०२१ च्या कागदावर आहे ‘वरचा रंग घासून, गंज असेल तिथे पुट्टी भरून, एनसी पेंट’. म्हणजे रंगावर रंग, आणि तोही एनसी, म्हणजे लवकर वाळणारा जुन्या पद्धतीचा. आताच्या कोटेशनमध्ये जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा आहे, सडलेला पत्रा कापून नवा लावायचा आहे, एपॉक्सी प्रायमर, सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), बेस कोट (प्रत्यक्ष रंगाचा थर) आणि वर टू-के लॅकर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा चकाकीचा थर. पहिल्या पद्धतीने रंगवलेली गाडी दिवाळीला सुंदर दिसली असती, पण पुट्टीखालचा गंज आपलं काम करतच राहिला असता आणि दोन पावसाळ्यांत सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) आणि मडगार्डच्या कडांना फोड आले असते. तेव्हा ही दुप्पट झालेली रक्कम म्हणजे सगळी महागाई नव्हे. त्यातला मोठा भाग जास्तीच्या कामाचा आहे.

तरीही खरी वाढ आहेच, आणि ती कुठे आहे हे कळल्याशिवाय थांबायचं की नाही ते ठरणार नाही. तुमच्या कोटेशनची फोड अशी : रंग उतरवणं आणि पत्रा काम ८५ हजार, प्रायमर-पुट्टी-सरफेसर आणि घासाई ५० हजार, प्रत्यक्ष रंग-लॅकर-हार्डनर-थिनर ३८ हजार, बूथ-फवारणी-कटिंग-पॉलिश ३५ हजार, क्रोम-रबर-बीडिंग ३२ हजार. डब्यातून येणारा रंग फक्त ३८ हजारांचा आहे, एकूण रकमेच्या १६ टक्केही नाही. रेझिन आणि थिनर खनिज तेलापासून येतात, काही कच्चा माल आयात होतो, त्यामुळे तेल आणि डॉलर वर गेले की डबा महागतो. पण उद्या रंग २० टक्क्यांनी महागला तरी तुमच्या बिलात ७,६०० रुपयांचीच भर पडेल. रंगावरचा जीएसटीही २०१८ च्या जुलैत २८ वरून १८ टक्के झाला, तो तिथेच आहे.

महाग झालेत ते हात. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका पेंटरशी तुमचं पत्र आल्यावर मी तासभर बोलले. ते म्हणाले, विम्याच्या दाव्यातून रंगवायला आलेलं दार किंवा बंपर दोन-तीन दिवसांत निघून जातं आणि पैसे येतात. जुनी गाडी मात्र शेडमधली एक जागा दोन-तीन महिने अडवून बसते. पत्रा हातोडीने सरळ करणारा डेंटर त्यांना आता मिळत नाही, तरुण मुलांना पॅनल बदलणं येतं, घडवणं येत नाही. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, त्यामुळे नवं मडगार्ड आणून बसवण्याची सोयही फारशी उरलेली नाही. हे ऐकून मला वाटतं की दर वाढतच राहतील. पण चौदा महिन्यांत अडीचचे चार लाख होतील अशी घाई करण्याचं कारण मला दिसत नाही.

बिल वाढवणारी दोन कलमं मात्र कोटेशनमध्येच लपलेली आहेत. त्यावर जीएसटीचा उल्लेख नाही. गॅरेज नोंदणीकृत असेल तर १८ टक्क्यांप्रमाणे ४३,२०० रुपये वर. हे आजच विचारा. दुसरं म्हणजे रंग उतरवल्यावर फ्लोअर आणि सिलचा आणखी सडलेला पत्रा निघतो, जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत निघतो. पत्रा कामावर वीस हजार वेगळे धरल्याशिवाय सुरुवात करू नका.

वसुलीचं म्हणाल तर ती अपेक्षा मनातून काढून टाका. जाहिरातीत मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष हातात पडलेली किंमत यांत बरंच अंतर असतं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून पद्मिनी टॅक्सी निघून गेल्या तेव्हा सगळ्यांना गहिवरून आलं, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या वर्षानुवर्षं बाहेर पडत होत्या. ती दुर्मीळ गाडी नाही. स्वतःच्या वापराची मोटार विकून नफा झाला तर सहसा त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही. हे दोन लाख चाळीस हजार खर्च आहेत. लोक प्रवासाला जातात, घराला मजला चढवतात, तसा तुमच्या आनंदाचा खर्च. तो तुम्ही करावा असं मला मनापासून वाटतं. कुठल्या पैशातून करायचा, एवढंच ठरवायचं आहे.

पर्सनल लोन नको. १३ टक्क्यांनी तीन वर्षांचं धरलं तर हप्ता ८,१०० च्या आसपास जातो, व्याज जवळपास ५१ हजार. पगार बंद झाल्यावरही बावीस महिने हप्ते राहतील. पीएफलाही हात लावू नका. निवृत्तीनंतर तीच रक्कम तुमचा पगार होणार आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ८.२ टक्के दर धरला तर २ लाख ४० हजारांवर दर तिमाहीला ४,९२० रुपये, म्हणजे महिन्याला १,६४० येतात. तुमच्या घरात तेवढ्यात महिन्याचं वीजबिल आणि गॅस नक्की भागत असेल. सहा लाखांची एफडी ही तुमची अडीअडचणीची शिदोरी आहे, आणि कंपनीचं मेडिक्लेम संपताना ती हवीच.

त्या मेडिक्लेमबद्दल मला गाडीपेक्षा जास्त काळजी वाटते. निवृत्तीबरोबर ते संपेल. तुम्हाला मधुमेह आहे. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आज पॉलिसी घेतली तर त्यातलं वर्षभर कंपनीचं कव्हर चालू असतानाच निघून जाईल. सध्याचीच विमा कंपनी गटातून वैयक्तिक पॉलिसीत जाऊ देते का आणि आधीच्या वर्षांचा लाभ देते का, हेही एचआरमार्फत विचारा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढी बचत आहेच. दोघांसाठी मी वर्षाला ६० हजार धरते, म्हणजे महिन्याला पाच हजार. अर्जात मधुमेह स्पष्ट लिहा.

६२ हजारांतून घरखर्च आणि एसआयपी वजा जाता १४ हजार उरतात. मेडिक्लेम काढलं की ९ हजार. गाडी या नऊ हजारांवर आणि बाजूच्या ८५ हजारांवर रंगवायची, आणि काम दोन टप्प्यांत तोडायचं.

फेब्रुवारी ते मे चार महिन्यांचे ३६ हजार धरून मेअखेर तुमच्याकडे १ लाख २१ हजार असतील. पहिल्या टप्प्यात फक्त पत्रा आणि एपॉक्सी प्रायमर. पत्र्याचे ८५ आणि एपॉक्सीचे अंदाजे १५, म्हणजे एक लाख, आणि न दिसणाऱ्या सडक्या पत्र्यासाठी वीस हजार राखीव. कागदांचं काम एप्रिलपर्यंत झालं तर हे पावसाआधी उरकतं. साध्या प्रायमरवर गाडी ठेवून द्यायला मात्र ठाम नकार द्या. साधा प्रायमर आणि सरफेसर ओल शोषतात, पुट्टी तर आणखी, आणि कोल्हापूरच्या जुलैत आतला पत्रा पुन्हा गंजायला लागतो. एपॉक्सी ओल अडवतं. त्यावर गाडी शेडमध्ये, उन्हापासून लांब, पावसाळा काढू शकते. कागद मेपर्यंत झाले नाहीत तर जुन्या रंगातच पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर सुरू करा. उघडा पत्रा घेऊन पावसाळ्यात शिरू नका.

मधल्या महिन्यांत वहिनींचं ऐका. नोंदणी आणि विमा झाला की पावसाची उघडीप बघून गाडी प्रायमरवरच चालवा. गिअरबॉक्स परत उतरवावा लागला, कुठे तेल गळलं, बोनेट नीट बसलं नाही, तर ते रंगाआधी कळलेलं बरं. नव्या रंगावर पाना घसरला की पुन्हा तो पॅनल आला आणि त्याचं बिल आलं.

जून ते मार्च दहा महिन्यांचे ९० हजार जमतील. राखीव वीस वाचले तर १ लाख ११ हजार. दुसऱ्या टप्प्याला १ लाख ४० हजार लागतील. तूट तीस ते पन्नास हजारांची, ती निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रजेच्या पैशातून भरा, पण पन्नासची मर्यादा ओलांडू नका. हा टप्पा निवृत्तीनंतर एप्रिल-मेमध्ये, कोरड्या हवेत घ्या. आणखी एक फायदा म्हणजे तेव्हा तुमच्याकडे वेळ असेल. एपॉक्सी घासणं, सरफेसरवर वॉटर पेपर मारणं हे तासन्‌तास चालणारं काम आहे. ज्या माणसाने टूलरूममध्ये आयुष्य घालवलं त्याच्या हाताला ते नक्की जमेल. पेंटरशी आधी बोलून घासाईची मजुरी वजा करून घ्या.

फवारणी मात्र घरी नको, दादा. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. साध्या मास्कने तो अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ लागतो. कंप्रेसरवर वाचवलेले पस्तीस हजार तुमच्या फुप्फुसांसमोर काहीच नाहीत.

गॅरेजशी कागदावर ठरवा. आगाऊ रक्कम त्या टप्प्याच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. रंग उतरल्यावर, पत्रा लागल्यावर आणि प्रायमर चढल्यावर, अशा तीन वेळी तुम्ही स्वतः जाऊन बघायचं, फोटो काढायचे, मगच पुढचे पैसे. कुठल्या कंपनीचं मटेरियल ते बिलावर हवं. कापाकापीत चासी नंबरच्या जागेला धक्का लागता कामा नये, हे ठळक लिहून घ्या. आरसीवर जो रंग नोंदलाय तोच ठेवा. वेगळा हवा असेल तर आरटीओत नोंद आधी.

या आठवड्यात त्या मुलाला फोन करा आणि वारस किती जण आहेत ते विचारून घ्या. उत्तर एकाहून जास्त आलं तर मला परत लिहा, मेचं वेळापत्रक आपण बदलू.