नळाआधी गटार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

युद्ध नुकतंच थांबलेल्या शहरातल्या एका विभागाचं पाण्याचं आणि स्वच्छतेचं काम तू हाती घेते आहेस, हे कळलं आणि फार समाधान वाटलं. तिथे पोचल्यावर सगळे तुझ्याकडे एकच गोष्ट मागतील, ती म्हणजे पाणी. लोक रिकामे कॅन घेऊन रांगेत उभे असतील, अधिकारी नळ कधी सुरू होणार ते विचारतील आणि पैसे देणाऱ्या संस्थेला वाहत्या नळाचा फोटो हवा असेल. लोकांची ही गरज खरी आहे. तरीही माझा आग्रह आहे, की कुठल्याही गल्लीत पाणी सोडण्याआधी तिथलं गटार वाहतंय का, ते स्वतः जाऊन बघ.

घरात आलेलं बहुतेक पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. टँकरच्या काळात माणशी 15 लिटर मिळत असेल तर लोक ते थेंब थेंब जपतात, सांडपाणी फारसं होतच नाही. नळाला भरपूर पाणी आलं की शौचालयं पुन्हा वापरात येतात. खालची मैलावाहिनी खचलेली असेल किंवा मैलापाणी उपसून पुढे ढकलणाऱ्या उपसा केंद्राचे पंप बंद असतील, तर तो मैला तळघरांत तुंबतो आणि रस्त्यावर येतो. पुढे जे होतं ते त्याहून वाईट. सुरुवातीला तू दिवसातून काही तासच पाणी देऊ शकशील. पुरवठा बंद झाला की पाण्याच्या वाहिनीतला दाब उतरतो आणि हादऱ्यांनी निखळलेल्या सांध्यांतून आजूबाजूचं मैलापाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर तेच घराघरांत पोचतं. लोकांना वाटतं, नळ आला म्हणजे आजार संपले, आणि म्हणून ते पाणी उकळायचंही सोडून देतात.

1991 मध्ये इराकमधली वीजकेंद्रं बॉम्बहल्ल्यांत निकामी झाली, तेव्हा जलशुद्धीकरण आणि मैलापाण्याचा उपसा दोन्ही एकदम थांबले आणि मैला थेट नद्यांत गेला. त्याच नद्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत होत्या. म्हणून विजेच्या लोकांशी पहिल्या आठवड्यातच बोल. जनरेटर किंवा डिझेल मिळणार असेल, तर त्यातला वाटा मैलापाण्याच्या पंपांसाठी लेखी ठरवून घे. तोंडी ठरलं तर सगळं डिझेल पिण्याच्या पाण्याच्या पंपाकडे जातं, कारण मैलापाण्याच्या पंपासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

आता माणसांबद्दल, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने 2015 च्या अहवालात मांडलं होतं, की शहरातली कुठलीही सेवा माणसं, यंत्रसामग्री आणि इंधन-रसायनांसारख्या रोज संपणाऱ्या वस्तू या तिन्हींवर उभी असते. यंत्रसामग्रीला देणगीदार मिळतो. माणसांच्या पगाराला मिळत नाही. येमेनमध्ये सरकारी पगार 2016 पासून थकले, राजधानी सनामधल्या सफाई कामगारांनी 2017 मध्ये काम थांबवलं, रस्त्यांवर कचरा साचला. पंपांना वीज नव्हती, दवाखाने मोडले होते, लोक उपाशी होते. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. एकट्या पगारामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पण झाडू आणि पंप चालवणारी माणसं घरी बसली की बाकीचं सगळं अपुरं पडतं.

तेव्हा जुने व्हॉल्व्हमन, पंपचालक आणि मैलावाहिन्या साफ करणारे कामगार शोधून काढ. नगरपालिकेतले नकाशे बहुधा जळालेले असतील किंवा जुने असतील. कुठली वाहिनी कुठल्या चौकात वळते आणि कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे त्यांच्या डोक्यात असतं. त्यांच्याबरोबर पायी हिंड आणि नवा नकाशा काढ. त्यांची जुनी बाजू कुठली होती, हे विचारत बसू नकोस. त्यांना वेळेवर पैसे, बूट, हातमोजे आणि लसी मिळतील हे आधी बघ.

कुणालाही मॅनहोलमध्ये उतरवू नकोस. लढाईच्या काळात वाहिन्यांमध्ये स्फोटकं पडलेली किंवा मुद्दाम ठेवलेली असू शकतात, म्हणून स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकाने तपासल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. त्यानंतरही आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असू शकतो. त्याचा जोर वाढला की नाकाला वासच येईनासा होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. पाण्याच्या जोरदार झोताने वाहिनी साफ करणारं जेटिंग मशीन यायला चार दिवस लागणार असतील तर चार दिवस थांब. या बाबतीत कुणी कितीही घाई केली तरी ऐकू नकोस.

क्लोरीनचं तुला शिकवायची गरज नाही, फक्त मोजायचं कुठे ते सांगतो. टाकीपाशी आकडा नेहमी चांगलाच येतो. वाहिनीच्या शेवटच्या घरी जा, तिथल्या भांड्यातलं पाणी घे. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, क्लोरीन उरलेला नसेल तर वर किती ओतला याला अर्थ नाही. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घे, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. एखाद्या भागात आकडा अचानक घसरला, तर डोस वाढवण्याआधी तिथे मैला कुठून शिरतोय ते शोध.

राडारोड्याकडेही लक्ष असू दे. काबूल आणि सीरियातल्या अलेप्पोमध्ये युद्धाच्या वर्षांत चेहऱ्यावर व्रण ठेवणारा लेशमानियासिस हा त्वचेचा आजार खूप पसरला. पडक्या भिंतींच्या भेगा आणि सडणारा कचरा हा आजार पसरवणाऱ्या वाळूमाशीला मानवतात. ढिगारे उपसायला वर्षं लागतील, पण त्यांच्यावर पडणारा घरचा कचरा तू लगेच उचलायला लावू शकतेस. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ढिगारा फोडण्याआधी पाणी मारायला सांग.

दवाखान्यातल्या नोंदींवर पूर्ण विसंबू नकोस, कारण अर्धे दवाखाने बंद असतील. औषधाच्या दुकानात जुलाबाची औषधं किती खपली ते रोज विचार. कब्रस्तानात किंवा स्मशानात काम करणाऱ्यांकडे लहान मुलांच्या दफनांची विचारपूस कर. तुंबलेल्या मॅनहोलच्या नकाशावर या नोंदी रोज संध्याकाळी मांडत जा. कुठलं गटार आधी दुरुस्त करायचं, हे तुला त्यातून ठरवता येईल, आणि बैठकीत नळासाठी दबाव आला की टेबलावर ठेवायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

पहिला नकाशा तयार झाला की मला पाठव. उपसा केंद्रांचा क्रम आपण दोघं मिळून लावू.

तुझा,
सर