वडिलांचा याशिका इलेक्ट्रो ३५ मुंबईत दुरुस्त होईल का? घरी उघडून बघावा का?

तुमचा प्रश्न असा: माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा, याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, कातडी केससकट सापडला. सेल कुठे मिळत नाही, लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय, आणि दोन दुकानदारांनी "शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल" म्हणून परत पाठवलं.

होईल, बहुतेक होईल. घरी उघडावा का, तर थोडासाच. कुठपर्यंत ते पुढे सांगतो.

मी मेकॅनिक नाही. नोकरीतून वेळ मिळाला की जुने कॅमेरे खोलून बसायची खोड आहे. माझ्याकडे हेच मॉडेल दोन आहेत. एक मामांनी कुवेतहून आणलेला. दुसरा चोर बाजारातून फक्त पार्टसाठी घेतलेला, ज्याचे एकेक अवयव पहिल्याच्या अंगात गेले आहेत.

आधी पेचकस बाजूला ठेवा. हा कॅमेरा कानाने तपासायचा असतो. घरात पंखा आणि टीव्ही बंद करा (मुंबईत एवढीच शांतता मिळते) आणि तीन आवाज ऐका.

पहिला आवाज रोल पुढे सरकवण्याच्या लिव्हरचा. आत रोल नको. लिव्हर सावकाश शेवटापर्यंत ओढा. चांगल्या इलेक्ट्रोत आतून एक जाड "खट्" येतो. नव्या माणसाला वाटतं काहीतरी मोडलं. उलट आहे, तो खट् म्हणजे तब्येत ठीक असल्याची खूण. तो आला नाही, तर आत एका दांड्याखाली असलेली रबराची छोटीशी गादी झिजून भुगा झालेली असते. दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा, पण तो गेला की आतल्या पट्ट्या जागेवर परत येत नाहीत. मग प्रकाश कमी-जास्त असल्याचं सांगणारे लाल-पिवळे दिवे लागत नाहीत किंवा लागले की विझत नाहीत, आणि फोटो जास्त प्रकाशाने पांढरे पडतात. जगभरचे इलेक्ट्रोवाले या गादीला "मरणाची गादी" अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. माझ्या मते नाव जरा जास्तच भीतीदायक आहे, कारण गादी बदलली की कॅमेरा उठून बसतो. मात्र तिथवर पोचायला वरचं झाकण काढून बरंच आत जावं लागतं, आणि वाटेत केसासारख्या वायरी आहेत. हे काम घरी पहिल्याच खेपेला करू नका.

दुसरा आणि तिसरा आवाज शटरचा, पण त्यासाठी आधी सेल लागेल.

मूळ सेल पाऱ्याचा होता, ५.६ व्होल्टचा. पाऱ्याचे सेल बंद झाले, अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्यानेच, त्यामुळे तो शोधत फिरू नका. घड्याळाच्या कुठल्याही दुकानात एलआर४४ नावाची बटणं, म्हणजे बटणाएवढे सेल, मिळतात. चार बटणं एकावर एक ठेवली की ६ व्होल्ट होतात. हीच चार एका नळीत बसवलेला ४एलआर४४ नावाचा तयार सेलही मिळतो. तो जुन्या सेलपेक्षा बारीक आणि आखूड असतो, म्हणून भोवती जाड कागदाची गुंडाळी करा आणि उरलेली लांबी जुन्या टॉर्चच्या स्प्रिंगने भरा. धन-ऋण बाजू तेवढ्या उलट्या करू नका. ५.६ च्या जागी ६ व्होल्ट दिल्याने या कॅमेऱ्याचं फारसं बिघडत नाही. सगळ्याच कॅमेऱ्यांना ही मुभा नसते. याशिका मॅट १२४जी मध्ये १.३५ व्होल्टच्या जागी साधा १.५ चा सेल घातला तर प्रकाश मोजणारा मीटर खोटं बोलतो. तिथे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घालतात.

सेल घातल्यावर मागचं छोटं बटण दाबा. वर फोटो मोजणाऱ्या आकड्याच्या खिडकीत हिरवा दिवा लागायला हवा. लागला नाही तर लगेच निराश होऊ नका. सेलच्या कप्प्यात पांढरं-हिरवं काही साचलंय का बघा. तुमच्या कॅमेऱ्यात जुना सेल तसाच राहिला असेल तर तो बहुधा फुटून गळलाय. त्याला उघड्या हाताने शिवू नका आणि ओल्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. कप्प्यातला थर इअरबडला व्हिनेगर लावून पुसा, मग केमिस्टकडच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. तरीही दिवा नाही, तर खालचं झाकण काढून बघणं तुम्हाला जमेल. संपर्काच्या पत्रीपासून निघालेली वायर प्लास्टिकच्या आतून काळी पडलेली असते, वरून धडधाकट दिसते. मामांच्या कॅमेऱ्यात हेच झालं होतं. लॅमिंग्टन रोडवरून वीतभर बारीक वायर आणली, सोल्डरचा एक टाका मारला आणि हिरवा दिवा लागला. त्याआधी एका दुकानाने मला "सर्किट उडालंय" असं ठणकावून सांगितलं होतं.

पेचकसाबद्दल एक गोष्ट. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. आपल्या घरातला फिलिप्स पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो आणि मग स्क्रूचं डोकं खातो. जेआयएसचा संच मागवा. स्क्रू काढले त्या क्रमाने पांढऱ्या कागदावर चिकटपट्टीला लावून ठेवा आणि प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढा.

आता शटर. हा कॅमेरा ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक) तुम्हाला ठरवू देतो आणि शटर उघडं राहण्याची वेळ स्वतः ठरवतो, १/५०० सेकंदापासून अंधारात कित्येक सेकंदांपर्यंत. भोक एफ १.७ वर, म्हणजे सर्वांत मोठं, ठेवून उजेडाच्या खिडकीकडे क्लिक करा, आवाज एकच आणि तुटक येईल. हा दुसरा. मग भोक एफ १६ वर, म्हणजे सर्वांत लहान, नेऊन, पुढच्या बाजूला व्ह्यूफाइंडरजवळची प्रकाश मोजणारी छोटी खिडकी अंगठ्याने झाका आणि पुन्हा क्लिक करा. "टिक्" होईल, मग शांतता, आणि सेकंद-दोन सेकंदांनी किंवा त्याहून उशिरा दुसरा "टिक्". तो तिसरा. दोन टिक्‌मधली शांतता ऐकू आली, तर इलेक्ट्रॉनिक मेंदू जिवंत आहे आणि बाकी सगळं हाताचं काम आहे. दोन्ही वेळा सारखाच तुटक आवाज आला, तर वीज शटरपर्यंत पोचत नाहीये. सेल नसताना हा कॅमेरा प्रत्येक वेळी १/५०० वरच चालतो, म्हणून अनेकांना वाटतं की "चालतोय की!", आणि सगळा रोल काळोखा निघतो.

आवाज येतो पण लेन्समधून बघताना पाकळ्या हलत नाहीत, असंही होतं. शटरच्या पाकळ्यांवर तेल चढून त्या एकमेकींना चिकटतात. इथे हात शिवशिवतात आणि माणूस शिलाई मशीनचं तेल नाहीतर गंज सोडवायचा फवारा मारतो. कृपा करून मारू नका. या पाकळ्या कोरड्याच चालायच्या असतात. तेलाने आज सुटतील आणि महिन्याभरात दुप्पट चिकटतील. त्या लायटरच्या पेट्रोलने धुतात, पण लेन्सचा पुढचा भाग उतरवून. तेही जाणकाराचं काम.

जाळ्यासारखं दिसतंय ती बुरशी, आणि ती मुंबईची देणगी आहे. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता काचेवर बुरशी धरायला पुरते. त्यात आपण कॅमेरा ठेवतो कातडी केसमध्ये, केस गोदरेजच्या कपाटात, आणि कपाटात डांबराच्या गोळ्या. कातडं ओल धरून ठेवतं. डांबराच्या गोळ्यांची वाफही कॅमेऱ्याला चांगली नाही, जुन्या माहितीपुस्तकांत तशी ताकीद छापलेली असायची. वडिलांची केस आठवण म्हणून वेगळी ठेवा, तिला वर्षातून दोनदा ऊन दाखवा, पण कॅमेरा तिच्यात परत घालू नका.

काचेच्या बाहेर असलेली बुरशी तुम्ही पुसू शकता, आधी फुंकणीने धूळ उडवून, मग लेन्सच्या कागदाला अल्कोहोल लावून. आतली असेल तर लेन्स उघडावी लागते. समोरून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की ती कुठल्या काचेवर आहे याचा अंदाज येतो. फार वर्षं राहिली असेल तर तिने काचेवरचा लेप खाल्लेला असतो, आणि पुसल्यावरही नक्षी उरते. कोपऱ्यातली थोडी नक्षी फोटोत सहसा दिसतही नाही. फक्त सूर्यासमोर कॅमेरा धरला की चित्र धुरकट होतं.

मी केलेला गाढवपणा सांगतो. मामांच्या कॅमेऱ्यात फोकस जुळवायचा पिवळा ठिपका फिकट झाला होता. वरचं झाकण काढलं, आत तिरका बसवलेला काचेचा तुकडा धुळीने माखलेला दिसला. इअरबडने मायेने पुसला. धूळ गेली आणि तिच्याबरोबर काचेवरचा अर्धपारदर्शक लेपही गेला. ठिपका फिकट होता तो पार नाहीसा झाला. चोर बाजारातला दुसरा कॅमेरा घ्यावा लागला तो यासाठी. तुमचा ठिपका दिसत असेल, कितीही मंद, तर त्या काचेवर फुंकणीपलीकडे काही चालवू नका. बाहेरच्या खिडक्या पुसल्यानेच निम्मा उजळतो.

घरी बिनधास्त करावं असं एक काम आहे: मागच्या दारातला फोम. दाराच्या खाचांत प्रकाश अडवायला फोम लावलेला असतो, आणि आपल्या हवेत तो डांबरासारखा चिकट होतो. टूथपिक आणि अल्कोहोलने खरवडून काढा. कॅमेरा उलटा धरा, कण शटरकडे जाऊ देऊ नका. खाचेत काळी लोकर घट्ट बसवली तरी चालते, बिजागरीच्या बाजूला काळी फेल्ट. मी लोकर वापरतो. रविवारची एक दुपार पुरते.

दुरुस्तीवाले फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास अजून आहेत, बरेचसे वरच्या मजल्यावर, छोट्या खोलीत, टेबलावर भिंग लावून बसलेले. पाट्या बघू नका, खाली कॅमेऱ्याच्या दुकानांत विचारा. काउंटरवरचा पोरगा "नाही होत" म्हणेल, त्याच्या मागचा म्हातारा माणूस नाव सांगेल. गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "इलेक्ट्रो आधी उघडलाय का?" उघडलेला माणूस लगेच लिव्हर ओढून कानाशी धरतो. नुसतं "ठेवून जा, बघतो" म्हणाला तर कॅमेरा घेऊन परत या. काढलेले पार्ट परत मागा, आणि काय करणार ते कागदावर लिहून घ्या. खर्च कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो, हे मनाशी धरून जा. नवे पार्ट मिळण्याची आशा ठेवू नका. जीएसएन १९७३ मध्ये आला, याशिका १९८३ मध्ये क्योसेरात गेली, आणि क्योसेराने २००५ मध्ये कॅमेरे बनवणंच सोडलं.

दुरुस्त होऊन आला की पहिला रोल घरच्या लग्नात घालू नका. २०० आयएसओचा घ्या, ४०० चा नको (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). आपल्या दुपारच्या उन्हात ४०० वर भोक जरा मोठं केलं की कॅमेरा १/५०० च्या पुढे जाऊ पाहतो आणि लाल दिवा दाखवतो. पिवळा दिवा म्हणजे वेळ जास्त लागतोय, हात टेकवा. मरीन ड्राइव्हचं ऊन, सीएसएमटीच्या आतला अर्धा उजेड, घरातली संध्याकाळ असं सगळं थोडं थोडं घ्या आणि प्रत्येक फोटोचं ॲपर्चर वहीत लिहा. प्रकाशाची खिडकी लेन्सच्या बाहेर आहे, त्यामुळे लेन्सवर फिल्टर लावला तर कॅमेऱ्याला कळत नाही. तेवढा आयएसओ तुम्ही कमी करायचा.

ठेवायला रबराची कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की पुरे. तांदळात ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते. महिन्यातून एकदा काढून पाच-दहा वेळा शटर चालवा, फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आणि वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

तूर्तास सेलसुद्धा आणू नका. लिव्हर ओढा आणि खट् येतो का ते कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.