शोरूमला जायच्या आधी एवढं वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री बघितला, तीन गाड्यांचे फोटो, खाली किमती, टॉप मॉडेल का हवं ते, स्टारचा प्रश्न आणि शेवटी "मॅडम कुठली घेऊ". फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस, माझ्या ड्रायव्हिंग क्लासला क्लच शिकताना पण हेच करायचीस, म्हणून लिहून पाठवतेय. निवांत वाच. बाबांना पण दे वाचायला, अर्धं पत्र त्यांच्यासाठीच आहे.

तू लिहिलंयस की टॉप मॉडेल घ्यायचं कारण ते सेफ आहे, त्यात इंटरनेट आहे, फोनवरून एसी चालू होतो, गाडी कुठे उभी आहे ते दिसतं. अगं हे दोन वेगळे विषय आहेत. शोरूममध्ये सनरूफ, मोठी स्क्रीन, सहा एअरबॅग, मोबाईल अ‍ॅप असं सगळं एका दमात सांगतात आणि आपल्या डोक्यात त्याचं एकच गाठोडं होतं. तू ते गाठोडं सोड आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचार, चंदनापुरी घाटात रात्री पाऊस पडतोय, फोनला रेंज नाही, समोरून ट्रक आला, तेव्हा ही वस्तू माझ्या कामाची आहे का. ज्याचं उत्तर हो येईल त्याला आधी पैसे दे, बाकीचं उरलेल्या पैशात.

बेल्टपासून सुरू करते. तुला वाटेल मॅडम तेवीस वर्षं हेच सांगतायत, हो, आणि अजून सांगणार. तू पुढे बसून लावतेस, मला माहितीये, मी लावायला लावलाय. पण दिवाळीला तुझ्या काकांच्या गाडीत आजी, वहिनी आणि दादाचा छोटा मागे बसले होते आणि तिघांचे बेल्ट सीटच्या खाली दाबलेले होते, मी स्टँडसमोर बघितलं. मागे काय होतंय असं सगळ्यांना वाटतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, गाडी महागातली, एअरबॅगा होत्या, मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं आणि गेले ते मागचेच दोघे, पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. आणि हे एकट्यादुकट्याचं नाही, केंद्र सरकारच्या अहवालात त्याच २०२२ सालात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण देशभरात गेले, त्यातले ८,३८४ गाडी चालवणारे आणि ८,३३१ नुसते बसलेले. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक असे की ज्यांच्या हातात स्टेअरिंगच नव्हतं. मागचा माणूस मोकळा असला की तो पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो, म्हणजे आजीने बेल्ट लावला नाही तर धोका तुला पण आहे, हे आजीला सांग, तुझ्यासाठी ती नक्की लावेल, स्वतःसाठी नाही लावणार.

बाबा म्हणतात ना की हे सगळं नवीन टेक्नॉलॉजीचं फॅड आहे, आम्ही जीपमध्ये बारा जण बसून लग्नाला जायचो. त्यांना सांग की तीन ठिकाणी अडकणारा हा बेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनियरने आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट बाकीच्यांना वापरायला मोकळं ठेवलं. तेव्हा तोही नवीनच होता. नवीन आहे म्हणून वाईट असं नसतं आणि नवीन आहे म्हणून चांगलं असंही नसतं, बाबा आणि तू दोघं एकाच गोष्टीवरून भांडताय, दोन टोकांना उभं राहून.

एअरबॅगचं नीट समजून घे. ती बेल्टच्या मदतीला असते, बेल्टच्या जागी नाही. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, बेल्ट नसेल तर तू पुढे फेकली जात असतेस आणि ती तुझ्याकडे येत असते, त्यात माणसाला मार बसतो. म्हणून छोट्याला पुढे मांडीवर घेऊन कधीच बसायचं नाही, कितीही रडला तरी. त्याच्यासाठी चाईल्ड सीट घे, मागच्या सीटला आयसोफिक्सचे हूक असतात त्यात बसते, सनरूफच्या पैशात चांगली येते आणि वर पैसे उरतात. सनरूफमधून पोरांना उभं करून घाटातून नेणारे लोक बघितले की माझा जीव खालीवर होतो. सहा एअरबॅग सक्तीच्या करायचं सरकारचं चाललं होतं, ऑक्टोबर २०२३ ची तारीख पण होती, नंतर सक्ती झाली नाही, त्यामुळे कुठल्या मॉडेलला किती आहेत ते स्वतः बघायचं, तोंडी विश्वास ठेवायचा नाही. आणि गाडी आल्यावर कुणी जाड सीट कव्हर घालून देतो म्हणाला तर सीटमधली साईड एअरबॅग त्याच्याखाली अडकते. पुढे लोखंडी गार्ड बसवायचा बाबांचा आग्रह असेल, तर ते डिसेंबर २०१७ पासून बंद केलेत, धक्का बसला की एअरबॅगच्या सेन्सरला चुकीचं कळतं आणि समोर पायी चालणारा असेल तर तो वाचतच नाही.

स्टारचं विचारलंस. २०१४ मध्ये आपल्याकडच्या खपाच्या पाच छोट्या गाड्या ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या परदेशी संस्थेने, आपटून बघितल्या आणि पाचही शून्य स्टार, तेव्हा माझ्या क्लासची गाडी त्यातलीच एक होती, मी चार महिने नीट झोपले नव्हते, रोज त्यात पोरी बसायच्या ना. आता ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे, पुढून ६४ च्या स्पीडने आपटतात, बाजूने वेगळं आपटतात, मोठ्यांचे मार्क वेगळे आणि मुलांचे वेगळे, आणि तीन किंवा जास्त स्टार मिळवायचे तर ईएससी लागतंच. ईएससी म्हणजे ओल्या वळणावर गाडी फिरायला लागली की चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून ती सरळ धरणारी सिस्टीम, आपल्या रस्त्यांना ही सगळ्यात जास्त कामाची आणि शोरूममध्ये हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. पण टेस्ट कंपनीच्या मर्जीवर आहे, सगळ्या गाड्यांची झालेली नसते, म्हणून तू घेणार तेच मॉडेल, त्याच वर्षीचं टेस्ट झालंय का ते बघ. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये नियम कडक केले, त्याच्या आधीचे पाच स्टार आणि आत्ताचे पाच स्टार सारखे नाहीत.

आता एडास, म्हणजे कॅमेरा-सेन्सरने बघून चालवणाऱ्याला मदत करणारी सिस्टीम. तू लिहिलंस गाडी स्वतः ब्रेक मारते, लेन धरते. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या गाडीत बसून सिन्नरपर्यंत गेले, मुद्दाम बघायला. चौपदरी रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्या ताज्या होत्या तिथे छान चालली, मला आवडलं, खरंच. गावाजवळ पट्ट्या पुसलेल्या, उसाची ट्रॉली बिनलाईटची, एक बाईकवाला उलट्या बाजूने, तिथे स्टेअरिंग एकदम हाताला ओढ द्यायला लागलं आणि त्या पोराने दचकून सोडूनच दिलं. माझं मत असं की ऑटोमॅटिक ब्रेक चालू ठेव कायम, एखाद्या दिवशी तुझं लक्ष चुकेल तेव्हा उपयोगी पडेल, लेनवालं फक्त हायवेला, घाटात आणि गावातल्या रस्त्याला बंद. काचेवरचा कॅमेरा चिखलाने भरला की त्याला पण दिसत नाही, पावसाळ्यात रोज पुसायचा. आणि सिस्टीम कधी आपोआप बंद होते, बंद झाली की कुठला दिवा लागतो, हे पुस्तकात वाचून घे, गाडीचं पुस्तक कुणी वाचत नाही.

मोठ्या स्क्रीनचं मला पटत नाही. एसी कमी करायला तीन वेळा बोट लावायचं, बोट कुठे पडतंय ते बघायला मान खाली. ८० च्या स्पीडला तीन सेकंद मान खाली गेली की गाडी पासष्ट-सत्तर मीटर तुझ्याशिवाय गेली. युरोपातल्या एनकॅपने तर २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं नसतील तर मार्क कापायचं ठरवलंय. टेस्ट ड्राइव्हला बसशील तेव्हा डोळे रस्त्यावर ठेवून वायपर, काच पुसायची हवा आणि पार्किंगचे दोन्ही इंडिकेटर लावता येतात का बघ, नाही आले तर ती गाडी यादीतून काढ.

इंटरनेटचं आता. गाडीतलं नेट पहिली काही वर्षं फुकट, नंतर रिचार्ज, ते आधी विचारून घे. बाबांना अ‍ॅपवर लोकेशन द्यायचं का हे तू ठरव, गाडी तुझी, हप्ता तुझा. मी म्हणेन रात्रीच्या प्रवासाला दे, रोजच्या ऑफिसला नको, आणि हे गाडी यायच्या आधी बोलून घ्या म्हणजे नंतर रुसवे होणार नाहीत. मॅप मात्र घरूनच डाऊनलोड करून निघ. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच अकोले तालुक्यात पुण्याहून कळसूबाईला निघालेली गाडी रात्री मॅप बघत पुलावर गेली आणि पूल धरणाच्या पाण्याखाली होता, दोघे पोहून बाहेर आले, चालवणारा बुडाला. मॅपला रस्ता माहिती असतो, आज त्या रस्त्यावर काय आहे ते चहाच्या टपरीवरच्या माणसाला माहिती असतं. काच खाली करून विचारायला लाजायचं नाही.

आणि इथे मला तुझ्या बाबांशी बोलायचंय. ते म्हणतात वाडीत टॉवर आला नाही तेच बरं, पोरं मोबाईलवर बसतात. २०१८ च्या पावसाळ्यात मी भंडारदऱ्याकडून येत होते, वळणावर पिकअप आडवी पडलेली, मागे भात लावणीच्या बाया. दोघी बोलत होत्या, एक बोलत नव्हती. आम्ही सहा-सात जण उभे, सगळ्यांच्या हातात फोन आणि एकालाही रेंज नाही. ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून पण लागतो, पण कुठला तरी टॉवर पाहिजे ना. एक पोरगा बाईक घेऊन पुढच्या टेकडीपर्यंत गेला, तिथून १०८ ला फोन लागला, गाडी लगेच निघाली पण आमचा पाऊण तास नुसता फोन लागण्यात गेला. मोटार वाहन कायद्यात पण अपघातानंतरचा पहिला एक तास म्हणजे गोल्डन अवर असं लिहून ठेवलंय. त्या बाईचं डोकं मी मांडीवर धरलं होतं, ती गेली. त्या दिवसापासून मला कुणी म्हणालं की खेड्यात नेट कशाला पाहिजे की मी गप्प बसू शकत नाही. गाडीला एसओएसचं, म्हणजे संकटात मदत बोलवायचं, बटण आहे म्हणून तू पैसे मोजतेयस, ते बटण तुझ्या गावाच्या दहा किलोमीटर अलीकडेच मुकं होणार आहे. तेव्हा बाबांनी ग्रामसभेत टॉवरच्या ठरावाला हात वर करावा, पोरांच्या मोबाईलचं घरात बघता येतं.

आणखी एक, रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर थांब. त्याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला नाव सांगायची पण सक्ती नाही, आणि २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार कॅशलेस आहे. पैसे कोण भरणार म्हणून हॉस्पिटलच्या दारात वेळ जायला नको, हे तिथे ठामपणे सांगता आलं पाहिजे.

तर तुझ्या तीन फोटोंपैकी मधलीचं मधलं मॉडेल, ईएससी आणि सहा एअरबॅग लिहून घेऊन. उरलेल्या पैशात चाईल्ड सीट, हवेचा छोटा पंप, आणि डिलिव्हरी घेताना टायरवरचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, जुना माल असेल तर बदलून माग.

नंबर प्लेट लागली की पहिल्या रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन कॉलेजमागच्या मैदानावर ये. पाणी मारून जमीन ओली करून ठेवते. एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारा, ब्रेक तू कधी पूर्ण दाबलेला नाहीस, पायाखाली पेडल थरथरतं आणि सगळे घाबरून पाय उचलतात, तिथेच गाडी जाते. वीस वेळा दाबून घेणार आहे. आजीला पण आण, मागे बसव, बेल्ट लावून.

तुझी,
मॅडम