डिसेंबरात कॅलगरीचं घर बंद करून पुण्याला जाताना

तुमचा प्रश्न असा: कॅनडात कॅलगरीला घर घेतल्यावर डिसेंबरात चार आठवडे पुण्याला जाताना वायरलेस तापमान-सेन्सर लावले, की पाइप फुटायची काळजी मिटेल का? एवढ्याने मिटणार नाही. सेन्सर फक्त हाक मारतो. पाणी आधी बंद हवं आणि किल्ली असलेलं माणूस जवळ हवं.

निघताना बेसमेंटमधला, पाण्याच्या मीटरजवळचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा, फ्लश ओढा. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप फाटतो. पाणी वाहतं ते बर्फ वितळल्यावर. घर गरम पाण्याच्या रेडिएटरवर तापत असेल, तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्याआधी प्लंबरला जरूर विचारा. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, बंद करू नका, 15 अंशांवर ठेवा.

चार सेन्सर पुरतात: बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखाली (कपाटाचं दार उघडं ठेवून), बेसमेंटमध्ये मीटरपाशी, गॅरेजवरच्या खोलीत आणि दिवाणखान्यात. फर्नेसच्या गरम झोतासमोर मात्र एकही नको. दिवाणखान्याची सूचना 12 अंशांवर लावा, सिंकखालची 7 वर. शून्यावर लावली तर शेजाऱ्याला यायलाही वेळ उरत नाही. सेल लिथियमचे घाला, अल्कलाइन थंडीत लवकर मान टाकतात.

खरी फसगत होते ती सेन्सर गप्प झाल्यावर. वीज गेली की फर्नेसचा पंखा थांबतो आणि राउटरही बंद पडतो. घर गार होत जातं आणि ॲपवर शेवटचं 15 अंश तसंच दिसत राहतं. म्हणून ‘संपर्क तुटला’ ही सूचना आवर्जून चालू करा. बऱ्याच ॲपमध्ये ती वेगळी लावावी लागते. मोडेम, राउटर आणि सेन्सरचा हब (सेन्सरना इंटरनेटशी जोडणारा डबा) लहान यूपीएसवर ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी एकेक सेन्सर झिपच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि फोन वाजतो का ते बघा.

हिवाळ्यात कॅलगरी भारताच्या साडेबारा तास मागे असते. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच, आणि तुमचा फोन मुका. त्यामुळे शेजाऱ्याचा फोनही त्याच ॲपला जोडा. फर्नेसचे घराबाहेर निघालेले हवेचे आणि धुराचे पाइप बर्फाने बुजले तर फर्नेस बंद पडते, हे त्यांना जागेवर नेऊन दाखवा.

विम्याची अट नीट वाचा. कॅनडातल्या बऱ्याच पॉलिसींत हिवाळ्यात सलग चार दिवसांहून जास्त घर रिकामं असेल, तर रोज कुणीतरी घर बघून जावं किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करावेत, असं लिहिलेलं असतं. नुसता सेन्सर चालेल असं गृहीत धरू नका, कंपनीकडून लेखी घ्या.

परतल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, नळांतली हवा जाऊ द्या, आणि टाकी पूर्ण भरल्याशिवाय गीझर तापवू नका.