भेट म्हणून घरी सुरी बनवायची तर पोलाद कोणतं घ्यावं आणि पाणी कसं द्यावं?

अँगल ग्राइंडर आणि ड्रिल आहे, भट्टी नाही, दिवाळीला आई, बहीण आणि काकूंना स्वतः बनवलेल्या सुऱ्या द्यायच्या आहेत. भंगारातला ट्रकच्या कमानीचा पाटा चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण मी सुचवणार नाही. पाटा ८-१० मिमी जाड असतो आणि भाजीच्या सुरीला २ मिमी पुरे. शिवाय वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, त्या नेमक्या पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करताना, उघडतात. १०८० किंवा १०८४ ग्रेडच्या साध्या कार्बन पोलादाची २ मिमी पट्टी विकत घ्या. स्टेनलेसच्या वाटेला जाऊ नका, त्याला लागणारं हजार अंशांच्या आसपासचं तापमान घरगुती भट्टीत नेमकं धरून ठेवता येत नाही.

जिला द्यायची तिची रोजची सुरी पुठ्ठ्यावर ठेवून आखून घ्या. मुठीची लांबी तिच्या हाताची हवी, तुमच्या नव्हे. ओट्यावर चिरायची सुरी असेल तर १६ सेमी पात्याला मुठीजवळ ४०-४५ मिमी रुंदी ठेवा, नाहीतर बोटांची पेरं ओट्यावर आपटतात.

मूठ बसवायच्या पिनांची भोकं आधीच पाडा, कडक झालेल्या पोलादात ड्रिल शिरत नाही. पात्याचा उतार घासताना धारेकडे ०.५ ते ०.८ मिमी जाडी शिल्लक ठेवा. त्याहून पातळ केलंत तर पातं तेलात शिरताच वाकतं.

सुरी बनते किंवा बिघडते ती पाणी देताना. विटांची लांबट चर, त्यात लाकडी कोळसा, खालून भोकं पाडलेला लोखंडी पाइप आणि हवेला हेअर ड्रायर, एवढी भट्टी पुरते. पाइप गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताचा धूर विषारी असतो. काम उघड्यावर पण तिन्हीसांजेला करा, उन्हात पोलादाचा रंग फसवतो. साधारण ७७० अंशांना चुंबक चिकटायचं थांबतं. तिथून लाल रंग किंचित उजळू द्या, म्हणजे ८००-८१५ झालं. पिवळ्यावर गेलात तर पोलादाचे कण वाढतात. आधी त्याच पट्टीचा तुकडा तापवून तेलात बुडवा, गार झाल्यावर फडक्यात धरून मोडा. मोडलेली कड मऊ राखाडी दिसली तर बरोबर. साखरेसारखे दाणे चमकले तर जास्त तापलंय.

पाणी म्हणतात, पण हे पोलाद साध्या पाण्यात बुडवलं तर तडकण्याची भीती असते. उंच स्टीलच्या डब्यात तीन-चार लिटर शेंगदाणा तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. पातं टोक खाली धरून सरळ आत घाला आणि वर-खाली हलवा. आडवं हलवलंत तर वाकडं होतं. तेल पेटलं तर वर झाकण टाका, पाणी अजिबात नको. मग धारेवर कानस चालवून बघा. घसरली तर कडक झालं, रुतली तर पुन्हा तापवा.

या अवस्थेत पातं हातातून पडलं तरी मोडू शकतं. हाताला सोसवेल इतकं गार झाल्याबरोबर ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवा, गार करा, पुन्हा दोन तास ठेवा. ओव्हनच्या आकड्यावर भरवसा नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. नंतर धार काढताना हातमोजे घालू नका, म्हणजे पातं तापतंय ते बोटांना कळेल, आणि दर फेरीला पातं पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली की तेवढी जागा मऊ पडली, तो भाग घासून काढून टाकावाच लागतो.

मुठीला वाळलेलं शिसव किंवा बाभूळ घ्या. ओलं लाकूड पुढे आक्रसतं आणि पिना वर येतात. चिकटवायच्या बाजू ६० नंबरच्या पेपरने खरखरीत करा, थिनरने पुसा, एपॉक्सी लावा, ५ मिमी पितळी पिना घाला आणि २४ तास शिकंजात ठेवा. शिकंजा फार आवळू नका, सगळं एपॉक्सी बाहेर येतं. शिसव घासताना मास्क हवाच.

देताना मात्र नक्की सांगा, की कांदा, चिंच, लिंबाने पातं काळपट पडेल आणि तो गंज नव्हे. गंज येतो तो ओली ठेवल्याने. वापरली की धुऊन लगेच पुसायची, आणि कोकणासारख्या दमट हवेत वर तेलाचं बोट फिरवायचं.